कंप्रेसर घोड्यावर

माथेरानवरचं माझं सगळ्यात आवडतं जेवायचं ठिकाण म्हणजे एका जुन्या पारशी बंगल्यातलं हॉटेल. कौलारू छप्पर, लांबच लांब व्हरांडा, वेताच्या खुर्च्या आणि माकडांसाठी वेटरच्या हातात कायम काठी. मी नेरळचा, फ्रिज-फ्रीजरची कामं करतो, त्यामुळे तिथं पैसे देऊन कमी आणि काम करून जास्त जेवलोय.

ई-रिक्षा यायच्या आधीची गोष्ट. मे महिन्यातला शनिवार, हॉटेल फुल. सकाळी सातला हॉटेलवाल्या आंटींचा फोन, "दीकरा, फ्रीजर बंद पडी गयो, जल्दी आव!" वेटरला विचारलं तर म्हणाला घरघर करतो आणि दोन मिनिटांनी टक करून बंद. मला वाटलं कंप्रेसरच गेला. खाली असतं तर आधी बघून आलो असतो, पण इथं दस्तुरी नाक्याच्या पुढं गाडी नाही, १९०७ पासून झुकझुक गाडी आहे पण ती काय सामान दारात आणून टाकत नाही, आणि परत खाली जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला, म्हणून नवा कंप्रेसर घेऊनच निघालो. मालाचा घोडा केला. एका बाजूला कंप्रेसर, दुसऱ्या बाजूला तोलाला कुणाच्या तरी कांद्यांचं पोतं.

फ्रीजर पुढं ओढला आणि कपाळाला हात लावला. कंडेन्सरवर, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर, माथेरानची लाल माती, किचनच्या तेलकट धुरात कालवून गोधडीसारखी बसलेली!! हवाच लागत नाही, मग तापून ट्रिप होणारच. ब्रश, ब्लोअर, पंख्याला दोन थेंब तेल, चाळीस मिनिटांत फ्रीजर चालू.

"आणि मटण?" मी विचारलं. आचारीमामांनी मला मागच्या कोठीत नेलं. जांभ्याच्या हातभर जाड भिंती, ऊन कधी शिरतच नाही, मे महिन्यात पण पाय गार पडतात. गोठलेलं मटण पातेल्यात दाबून भरलेलं, वर ओली गोणपाटं. अकरा वाजले होते, हात लावला तर अजून दगड.

"लाईट यायच्या आधी साहेब लोक काय हवा खायचे का मिस्त्री?"

दुपारी व्हरांड्यात धनसाक हाणला. घोडेवाला परत आला तेव्हा मला आणि न उघडलेल्या खोक्याला बघून हसायलाच लागला, भाडं मात्र एक रुपया सोडलं नाही. उतरताना कांदे नव्हते, म्हणून तोलाला माझी टूलची बॅग आणि आंटींच्या अंगणातले दोन दगड.