अंदाज करायला लावू नका

ह्यांना हर्पीसच्या विषाणूमुळे मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण मेंदूत नव्या आठवणी जिथे रुजतात तो हिप्पोकॅम्पस दोन्ही बाजूंनी खराब झाला. लग्न आठवतं, फोंड्याचा जुना बाजार आठवतो. आत्ताच घेतलेला चहा आठवत नाही.

घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, "ओळखलंत का? सांगा बघू मी कोण!" प्रेमापोटीच. मानसशास्त्रज्ञ बाईंनी ही परीक्षा बंद करायला लावली. आपण चुकलो की चूक लक्षात ठेवून पुढे टाळतो. ह्यांना चुकल्याचं आठवत नाही, पण एकदा तोंडून गेलेलं चुकीचं उत्तर आत घट्ट बसतं आणि पुन्हा तेच बाहेर येतं. म्हणून अंदाज करायला लावायचं नाही, उत्तर आधीच सांगायचं. बॅडली आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली स्मृती गेलेल्या रुग्णांवर हे पडताळून पाहिलं होतं. आता पाहुणे दारातूनच म्हणतात, "भावोजी, मी म्हार्दोळची सुमन."

हरवलेली स्मृती परत आणायची आशा बाईंनी दाखवली नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ध्येय एकच ठेवलं: खिशातली वही बघण्याची सवय. मी सांगायचं, "पुढे काय ते कळेना की वही बघायची." लगेच विचारायचं, मग अर्ध्या मिनिटाने, मग एका, दोन, चार मिनिटांनी. अडले की उत्तर सांगायचं आणि जमलेल्या अंतरावर परत यायचं. फार कंटाळवाणं काम. माझ्या सासूबाईंनी ते माझ्यापेक्षा चिकाटीने केलं.

हाताची स्मृती वेगळी असते, हे बाईंनी हेन्री मोलेसन या स्मृती गेलेल्या रुग्णाच्या उदाहरणाने सांगितलं. १९५३ च्या मेंदूवरच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना नवं काही आठवेना. तरी आरशात बघून चांदणी रेखाटण्यात ते दिवसेंदिवस तरबेज झाले, आदल्या दिवशीचा सराव आठवत नसतानाही. चवथीला ह्यांच्या हाती घुमट हे वाद्य दिलं, तर आरतीचा ताल कुठेही चुकला नाही. म्हणून वहीसुद्धा कायम डाव्या खिशात: हात आपोआप तिकडे जावा.

आता जातो. दुपारी विचारलं, "जेवलात?" तर वही उघडून म्हणतात, "हो, एक वाजता, हुमण-भात." फिट्सच्या गोळ्यांसाठी मोबाईलचा गजर शिकवायला घेतलाय. गजर वाजला की आधी गोळी, मग बटण; हा क्रम अजून पक्का व्हायचा आहे.