अठ्ठ्याहत्तर ग्रॅम

दारूला मी कधी शिवलेलो नाही. त्यामुळे सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर, ग्रेड १', म्हणजे यकृतात चरबी साठण्याची पहिली पायरी, असं वाचलं तेव्हा रिपोर्टच बदलला असणार असं वाटलं. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभरात पिता काय काय?" खाता काय नाही, पिता काय.

चार कप चहा आणि संध्याकाळी खोक्यातला ज्यूस. गोड खायची आवड नाही, म्हणून साखर कधी मनातच आली नव्हती.

घरी येऊन वजनकाटा काढला. सपाट चमचा भरला ४ ग्रॅम, पण मी घालतो तो शिगोशीग, म्हणजे ६ ग्रॅम. कपाला दोन, चार कपांचे ४८. ज्यूसच्या खोक्यावर बारीक अक्षरांत १०० मिलिलिटरला १० ग्रॅम लिहिलेलं. माझा ग्लास ३०० मिलिलिटरचा. तेवढी साखर वाटीत ओतली. ७८ ग्रॅम. त्या वाटीकडे बघत बराच वेळ उभा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर, मध आणि रसातली साखर मिळून रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. २००० कॅलरी खाणाऱ्याला हे ५० आणि २५ ग्रॅम होतात.

साखरेतला अर्धा भाग ग्लुकोज; तो सगळ्या शरीराला चालतो. उरलेला अर्धा फ्रुक्टोज, आणि तो मुख्यतः यकृतालाच निस्तरावा लागतो. सतत जास्त आला की यकृत त्याची चरबी करतं. (माझं बैठं काम आणि वाढलेलं पोट हीसुद्धा कारणं आहेतच.) फळ चावून खाल्लं तर चोथ्यामुळे साखर सावकाश रक्तात उतरते, पोटही भरतं. रस मात्र दोन मिनिटांत संपतो.

मला खरं लागलं ते वेगळंच. हाच ज्यूस मी मुलीला 'फळ पोटात जातं' म्हणून देत होतो. ती तासभर घोट घोट घेत बसायची. प्रत्येक घोटासरशी तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि दाताचं कवच झिजत जातं. सहाव्या वर्षी तिच्या दोन दाढा भराव्या लागल्या. खुर्चीत तिने माझं बोट घट्ट धरलं होतं.

ज्यूस त्याच आठवड्यात बंद केला. चहातली साखर दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करत आणली. आता कपाला अर्धाच चमचा, तोही सपाट. पुढच्या महिन्यात पुन्हा सोनोग्राफी आहे.