लेक्सस आरएक्स ३५०एच घेऊन महामार्ग, घाट आणि शहर: अ‍ॅव्हरेज आणि खर्चाचा हिशोब

हायब्रिड एसयूव्ही, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी असलेली गाडी, घेऊन लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांचा समज असा असतो की मोकळा महामार्ग लागला की अ‍ॅव्हरेज वाढेल. साध्या पेट्रोल गाडीत ते खरं आहे. आरएक्स ३५०एच घेऊन आम्ही कुटुंबासह लांब फिरून आलो, तेव्हा सगळ्यात जास्त पेट्रोल गेलं ते मोकळ्या महामार्गावर आणि घाट चढताना. गर्दीच्या शहरात मात्र गाडीने मन जिंकलं. असं का होतं ते नीट कळलं, तर पुढे जाणाऱ्यांची बरीच टाकी वाचेल.

आधी कागदावरचे आकडे. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेच्या चाचणीत २०२३ च्या आरएक्स ३५०एच ला शहरात लिटरला साधारण १५.७ किलोमीटर आणि महामार्गावर १४.५ मिळाले. त्याच गाडीचं टर्बो पेट्रोल मॉडेल, म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणारी) आरएक्स ३५०, शहरात ८.९ आणि महामार्गावर ११.९ देतं. आता हे लिटरमध्ये मांडा. दहा हजार किलोमीटर शहरात फिरलात तर हायब्रिड जवळजवळ ४८० लिटर वाचवते. तेवढंच अंतर महामार्गावर कापलं तर बचत दीडशे लिटरच्या आसपास. म्हणजे हायब्रिड तीच, आणि वापरानुसार बचतीत तिपटीहून जास्त फरक!

पहाटे निघालो तेव्हा रस्ता रिकामा होता. ९० च्या आसपास क्रूझ कंट्रोल लावलं, तेव्हा स्क्रीनवरचा अ‍ॅव्हरेजचा आकडा चाचणीतल्या आकड्याच्या वर होता. नंतर रस्ता रुंद झाला, वेग १२० वर गेला आणि आकडा बघता बघता उतरला. ९० वरून १२० वर गेलं की हवेचा अडथळा पावणेदोन पटींहून जास्त होतो, आणि एवढ्या उंच, रुंद गाडीला तो चुकवता येत नाही. हायब्रिडमध्ये ब्रेक लावला की वाया जाणारी ऊर्जा मोटर बॅटरीत भरते. एकसारख्या वेगात ब्रेक लागत नाही, त्यामुळे परत मिळवण्यासारखी ऊर्जाच नसते. मोटर आणि बॅटरी तिथे जवळपास बाजूलाच बसतात. १०० च्या आत राहिलात तर पोहोचायला थोडा उशीर होतो, पण त्या टप्प्यावर याहून मोठी बचत दुसऱ्या कशानेच होत नाही. टपावर सामानाचा बॉक्स असेल आणि तो रिकामा असेल, तर काढून ठेवा.

घाटाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. माणसं आणि सामान धरून ही गाडी सव्वादोन टनांच्या घरात जाते. तिला ५०० मीटर वर चढवायला, वळणं आणि हवेचा अडथळा सोडून, नुसत्या उंचीसाठीच अंदाजे एक लिटर पेट्रोल जळतं. ‘उतारावर ते सगळं परत मिळेल’ असं लोक म्हणतात. मिळत नाही. हिची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी दोन किलोवॅट-तासांपेक्षाही लहान आहे, आणि तिचं आयुष्य टिकावं म्हणून गाडी तिला कधी पूर्ण भरू देत नाही, पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. ही बॅटरी म्हणजे हौद नव्हे, तांब्या आहे. उताराच्या पहिल्या काही वळणांतच ती भरते. त्यानंतर इंजिन आवाज करत फिरायला लागतं, आणि नवखा माणूस घाबरतो. घाबरू नका. तेव्हा इंजिनात पेट्रोल जळत नसतं. जास्तीची ऊर्जा घालवून गाडीचा वेग आवरण्याचं काम ते करत असतं.

म्हणून माझा आग्रह असा: माथ्यावर पोहोचताना बॅटरी अर्ध्याच्या खाली असेल असं बघा, म्हणजे उतारावर जागा राहील. शेवटच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर थोडा सैल सोडला तर मोटर तेवढी मदत उचलते. उतारावर ब्रेक लवकर आणि हलका दाबा. लांब, हलक्या ब्रेकमध्ये बरीचशी ऊर्जा मोटर गोळा करते. अचानक करकचून दाबला तर ती डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन जाते. आणि न्यूट्रल कधीही टाकू नका, उतारावर नाही आणि ट्रॅफिकमध्येही नाही. न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही, उतारावर तर गाडीवरचा ताबाही कमी होतो.

शहरात शिरलो आणि गाडीचा स्वभावच बदलला. सिग्नलला इंजिन बंद, पण एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो म्हणून आत गारवा तसाच. रांग पुढे सरकते तेव्हा मोटरच गाडी ढकलते. महामार्गावर खाली आलेली सरासरी तिथे पुन्हा वर चढू लागली. थंडीत मात्र हे चित्र थोडं बिघडतं, कारण आतल्या हीटरला ऊब इंजिनच्या पाण्यातूनच मिळते आणि त्यासाठी इंजिन चालू राहतं. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांमध्येही असंच होतं. इंजिन गरम होईपर्यंत प्रवास संपलेला असतो. सकाळची कामं एकाच फेरीत उरकणं फायद्याचं.

स्क्रीनवरच्या आकड्यावर मी हिशोब करत नाही. पंपावर पहिल्या ऑटो कटपर्यंत टाकी भरायची, ट्रिप मीटर शून्य करायचा, पुढच्या वेळी तसंच भरून किलोमीटरला लिटरने भागायचं. एका टाकीवरून मत बनवू नका. तीन-चार टाक्यांची सरासरी घ्या.

पेट्रोल सोडून बाकीचा खर्च महाग गाडीत जास्त भरतो, आणि त्याकडे दुर्लक्ष होतं. यात टायर पहिले. १९ इंची चाकांना २३५/६०, २१ इंचींना २३५/५० टायर लागतात. २१ इंची दिसायला देखणी, पण टायर महाग आणि खड्ड्यात रिमला धोका जास्त. घेताना निवड असेल तर मी १९ च सांगेन. हवा दर महिन्याला गार टायरवर तपासा. ब्रेक पॅड हायब्रिडमध्ये खूप टिकतात, पण डिस्क कमी वापरल्यामुळे त्यांवर गंज धरू शकतो. सर्व्हिसिंगला ते बघायला सांगा. वेगळा स्टार्टर, अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा नाही, क्लच नाही, त्यामुळे ती दुरुस्ती कधी येतच नाही. बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि तिला हवा लागते. तिथली जाळी चादरी-पिशव्यांनी झाकू नका, फिल्टर साफ करून घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर लहान १२ व्होल्टची बॅटरी आधी उतरते, याचीही आठवण ठेवा.

हायब्रिडचे जास्तीचे पैसे कधी वसूल होतील, हे प्रत्येकाला स्वतः काढता येतं. दोन मॉडेलांच्या किमतीतला फरक एका लिटरच्या भावाने भागा. जेवढे लिटर येतील तेवढे वाचवायचे आहेत. शहर आणि महामार्ग अशा संमिश्र वापरात दर दहा हजार किलोमीटरला सुमारे ३२५ लिटर वाचतात, त्यावरून वर्षं मोजा. तुमचं फिरणं मुख्यतः भरधाव महामार्गावर असेल तर हा आकडा निम्म्याहून कमी धरा, आणि मग पेट्रोल मॉडेलचाही मोकळ्या मनाने विचार करा.