नाव बदललं, पण जुनं जातंय कुठे?

परदेशात राहून कायदेशीर नाव बदलायचं म्हणजे कोर्ट, वकील, तारखा असं काहीतरी भारी प्रकरण असणार असं मला वाटायचं, आणि मग इंग्लंडमधे एका मैत्रिणीच्या डीड पोलवर, म्हणजे नाव बदलल्याच्या लेखी जाहीरनाम्यावर, साक्षीदार म्हणून सही करायची वेळ आली तेव्हा कळलं की हे तर ऑफिसच्या कॅन्टीनमधे, कप बाजूला सरकवून सुद्धा होतं. वय १६ किंवा जास्त पाहिजे, एक कागद, त्यावर ठरलेला मजकूर आणि दोन साक्षीदार, बास. मजकुरात लिहायचं की मी जुनं नाव पूर्णपणे सोडतेय आणि इथून पुढे सगळीकडे नवीनच वापरणार. आणि खाली सही? ती दोन्ही नावांनी! म्हणजे ज्याला आत्ताच घराबाहेर काढलं त्यालाच परत हाक मारून पावतीवर सही घ्यायची. तिची जुनी सही झरकन आली, नवीन करताना मात्र पेन मधेच अडखळलं आणि शेवटचा फाटा भलतीकडेच गेला.

कागद झाला म्हणजे नाव बदललं हा समज फार तर बँकेच्या काउंटरपर्यंत टिकतो. काही ठिकाणी असा घरगुती डीड पोल चालत नाही, कोर्टात नोंदवलेलाच लागतो, आणि तो नोंदवला की लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात छापून येतो, म्हणजे जुनं नाव सोडल्याची बातमी जुन्या नावासकट कायमची जगजाहीर.

पण खरी मजा तुम्ही त्या देशाचे नागरिक नसता तेव्हा. तिथलं ऑफिस म्हणतं आधी पासपोर्टवर बदलून आणा, पासपोर्ट दुसऱ्या देशाचा, त्यामुळे दूतावासात जा, आणि तिथला माणूस शांतपणे विचारतो की नवीन नावाचं इथलं एखादं ओळखपत्र आहे का. बरं, दुहेरी नागरिकत्व असलं तरी सुटका नाही, ब्रिटिश पासपोर्टवर नवीन नाव हवं असेल तर दुसऱ्या पासपोर्टवरही तेच असावं अशी साधारण अपेक्षा असते. तोवर तुम्ही अधिकृतपणे दोन माणसं, आणि ती दोघं एकच आहेत हे सिद्ध करायची जबाबदारीही तुमचीच. जर्मनीत तर नाव बदलायचा कायदा १९३८ चा, त्याला 'महत्त्वाचं कारण' लागतं, नुसतं आवडत नाही हे काही कारण नाही, आणि सर्वसाधारण परदेशी माणसाला त्याचा उपयोगही नाही, त्याने आपल्याच देशाकडे जायचं. मला विचाराल तर इंग्लंडचंच बरोबर आहे, माझं नाव मला आवडत नाही याहून महत्त्वाचं कारण अजून काय असायला पाहिजे?

अमेरिकेत बरेच जण नागरिकत्वापर्यंत थांबतात, कारण नागरिकत्वाच्या अर्जातच, म्हणजे एन-४०० फॉर्ममधे, नाव बदलायची सोय आहे. अट एवढीच की शपथविधी कोर्टातला हवा, मग त्यासाठी जास्त थांबावं लागलं तरी चालेल. ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव असतं त्यांना तर ही सोय वरदानच, कारण त्यांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे फर्स्ट नेम अननोन, असं छापलेलं असतं आणि कॉल सेंटरवाले निरागसपणे त्यालाच नाव समजून हाक मारतात. शपथेला एका नावाने उभं राहायचं आणि दुसऱ्या नावाने खाली बसायचं, सर्टिफिकेटही नवीन नावाचंच मिळतं. पण त्याच फॉर्ममधे जन्मापासून वापरलेली बाकीची सगळी नावं लिहायला रकाना असतो बरं का, आणि हा रकाना पुढे व्हिसा, नोकरीची तपासणी, कर्ज, सगळीकडे भेटत राहतो. सोडलेलं नाव आपण जितक्या वेळा लिहितो तितक्या वेळा ते असताना तरी लिहिलं होतं का कोण जाणे.

मैत्रीण आता सगळ्या कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती फाइलमधे घेऊन फिरते. आणि तिकीट काढताना नवीन नावाचा कितीही उत्साह असला तरी पासपोर्टवर त्या दिवशी जे नाव असेल तेच टाकते, कारण चेक-इनवाल्यांना उत्साह चालत नाही.