दार आधी बंद, आवाज मागून

डिस्क विकत घेऊन सिनेमा बघणारा माणूस पुण्यात आता विरळाच. तपकीर गल्लीत ब्लू-रे प्लेअरची चौकशी केली, तर दुकानदार आधी ‘कशाला?’ विचारतो आणि किंमत नंतर सांगतो. तरी आमच्यासारखे काही नादिष्ट शिल्लक आहेत. स्ट्रीमिंगचं ४के चित्र सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिटमध्ये कोंबलेलं असतं. डिस्कवर हाच आकडा १००च्या आसपास जाऊ शकतो, आणि अंधाऱ्या प्रसंगात तो फरक उघड दिसतो. पैसे त्यासाठीच मोजायचे. पण मोजूनही डिस्क धड निघेल याची खात्री नाही. खराब निघाली, तर विक्रेत्याशी वाद घालण्याआधी दोष कुठल्या जातीचा आहे ते शोधून काढा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. एका जातीचा दोष डिस्क बदलली की जातो. दुसऱ्या जातीचा शंभर डिस्क बदलल्या तरी तिथेच राहतो. मला एकाच सिनेमात दोन्ही भेटले.

सिनेमा जुना, युरोपातला, नव्याने दुरुस्त करून ४केवर आणलेला. संचात एक ४के डिस्क आणि एक साधी ब्लू-रे. साधी ब्लू-रे माझ्या काही कामाची नव्हती. ब्लू-रेसाठी जग तीन विभागांत, म्हणजे रिजनमध्ये वाटलेलं आहे आणि प्लेअर सहसा आपल्याच रिजनची डिस्क चालवतो. ती बी रिजनची, आपला भारत सी रिजनमध्ये. ४केला रिजनची भानगड नाही, म्हणूनच तर मागवली होती. एका भारतीय ऑनलाइन विक्रेत्याकडून, आयात केलेली.

निम्म्याच्या थोडं पुढे गेल्यावर चित्र थांबलं, नायिकेच्या चेहऱ्याचे चौकोन झाले आणि प्लेअरने डिस्क वाचता येत नसल्याचं जाहीर केलं. डिस्क मायक्रोफायबरच्या कापडाने पुसली, मधून कडेकडे सरळ रेषेत. (गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा ट्रॅकच्या बाजूनेच जातो आणि जास्त नुकसान करतो.) प्लेअरचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, ताजं केलं. बाकीच्या ४के डिस्क नीट चालत होत्या. मग ही घेऊन कोथरूडहून औंधला मित्राकडे गेलो, त्याचा प्लेअर वेगळ्या कंपनीचा. तिथेही त्याच मिनिटाला तेच चौकोन. हे महत्त्वाचं, कारण दोन वेगळे प्लेअर एकाच जागी अडले की प्लेअर सुटतो आणि डिस्क सापडते.

ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तेव्हा कडेजवळ एक पुसट ढग दिसला. बोटाला काहीच लागत नव्हतं, म्हणजे तो पृष्ठभागाच्या आत होता. डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिमी आत, प्लास्टिकच्या मधोमध असतो. ब्लू-रेत तो पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिमीवर. १०० जीबीच्या ४के डिस्कमध्ये तर एकावर एक तीन थर, आणि ते वाचायला ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेझर. थर चिकटवताना कुठे काही राहून गेलं की लेझर तिथे ठेचकाळतो. हा छपाईचा दोष, म्हणजे पहिली जात.

विक्रेत्याचं पहिलं उत्तर अपेक्षित होतं. ‘सर, प्लेअर जुना असेल.’ दुसरं त्याहून अपेक्षित: ‘सील उघडलेला माल परत घेत नाही.’ सील न उघडता डिस्क बघायची कशी, हे काही त्यांनी सांगितलं नाही. मी आवाज चढवला नाही. दोन्ही प्लेअरवर मिनिटांचा आकडा दिसेल असे व्हिडिओ जोडले आणि ग्राहक संरक्षणाच्या २०२०च्या ई-कॉमर्स नियमांचा हवाला दिला. माल सदोष असेल तर विक्रेता तो परत घ्यायला नकार देऊ शकत नाही, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते. पुढची पायरी म्हणून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचा नंबर शेवटी नुसता लिहून ठेवला. फोन करायची वेळ आली नाही. पुढच्या मेलमध्ये ‘प्लेअर जुना’ गायब झाला आणि पिकअपची तारीख आली.

बदली डिस्क आली. अडकण्याची जागा सुखरूप पार पडली, मी उशीला टेकून बसलो. पंधरावीस मिनिटांनी आई म्हणाली, “अरे, हा सिनेमा डब केलाय का? ओठ आधी हलतायत.”

डब केलेला नव्हता. आवाज खरंच मागे पडत होता.

आता संशय माझ्याच यंत्रणेवर. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करतो, अॅम्प्लिफायर आवाजावर, त्यात थोडं मागेपुढे होतंच आणि ते सेटिंगमध्ये सारखंही करता येतं. पण यंत्रणेमुळे पडणारं अंतर सिनेमाभर एकसारखं असतं. इथे पूर्वार्ध चोख होता आणि उत्तरार्ध घसरलेला. अॅम्प्लिफायर काढून थेट टीव्हीच्या स्पीकरवर ऐकलं, तरी तसंच.

पक्कं कसं करायचं हे मला लॉ कॉलेज रोडला, फिल्म आर्काइव्हच्या स्क्रीनिंगला भेटणाऱ्या एका काकांनी सांगितलं. त्यांची हयात प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये गेली. “ओठ बघू नकोस,” ते म्हणाले, “ओठांवर माणूस फसतो. दार आपटण्याचा प्रसंग शोध.” मग पस्तीस एमएमच्या गोष्टी निघाल्या. फिल्मवर आवाजाची पट्टी त्या त्या चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे छापलेली असते, कारण आवाज वाचणारं डोकं गेटच्या, म्हणजे चित्र पडद्यावर टाकणाऱ्या खिडकीच्या, खाली असतं. फिल्म भरताना त्या दोघांमधला फिल्मचा सैल वळसा, म्हणजे लूप, लहानमोठा झाला की आवाज हलला. “आम्ही दार आपटलं की कानाने लूप दुरुस्त करायचो. तुझ्या डिस्कला लूपच नाही, तू काय करणार?” एवढं बोलून ते चहाला गेले.

दार सापडलं. शेवटाकडे, एका जिन्याखालचं. फ्रेम फ्रेम पुढे नेत व्हिडिओ काढला: दार चौकटीला टेकतं आणि ‘धाड’ त्यानंतर येते. मग मित्रामार्फत याच आवृत्तीची मुंबईतली एक डिस्क मिळवून पाहिली. तिथेही दार आधी, धाड मागून. पहिल्या डिस्कवर हे कळणार कसं? ती तिथवर पोचतच नव्हती.

ही दुसरी जात. छपाई उत्तम, पण जी मूळ प्रत छापायला दिली तीच चुकलेली. अशा वेळी विक्रेत्याकडून तिसरी डिस्क मागवणं म्हणजे कुरिअरवाल्याला व्यायाम. इथे प्रकाशकच गाठावा लागतो, आणि मोठ्यांकडूनही हे घडलेलं आहे. २०१० साली ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ची ब्लू-रे आवाज मागेपुढे होत असल्यामुळे पॅरामाउंटला बदलून द्यावी लागली होती. मेल लिहिताना या उदाहरणाने धीर आला.

प्रकाशकाचं उत्तर सभ्य आणि नेमकं होतं. त्यांनी चार गोष्टी मागितल्या: बिलाची प्रत, दाराचा व्हिडिओ, डिस्कच्या छापील बाजूवर मार्करने माझं नाव लिहून काढलेला फोटो (म्हणजे तीच डिस्क दाखवून कुणी दोनदा मागू नये) आणि आतल्या रिंगवरचा क्रमांक. हा क्रमांक मधल्या भोकाभोवतीच्या पट्ट्यात कोरलेला असतो, बारकोडसारख्या रेघा आणि आयएफपीआय या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेचा कोड यांच्या शेजारी. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून, चष्मा कपाळावर सरकवून तो वाचावा लागला. फोटोत तो काही केल्या येईना. शेवटी भाच्याने डिस्कखाली काळा कागद धरला आणि “मामा, हात हलवू नकोस” असा दम दिला, तेव्हा उमटला. त्यावरून त्यांना कळलं की माझी डिस्क दुरुस्तीच्या आधीच्या खेपेतली. म्हणजे दोष त्यांना आधीच ठाऊक होता! जाहीर का केला नाही, याचं उत्तर मात्र आलं नाही.

त्यांनी दुरुस्त डिस्क पाठवली. पाकिटावर ‘सदोष डिस्कची बदली, विक्रीसाठी नाही’ असं लिहा, ही विनंती मी आवर्जून केली होती. कस्टमने काही मागितलं नाही. आत डबी नाही, कव्हर नाही, कागदी खिशात फक्त डिस्क. रिंगवरचा क्रमांक बदललेला. दार आणि धाड एकत्र.

विक्रेत्याच्या साइटवर तो संच अजून दिसतो, जुन्याच किमतीला. मी फोन करून दोन्ही क्रमांक दिले आणि शिल्लक डिस्क कुठल्या खेपेतल्या ते एकदा तपासा म्हणालो. पलीकडचा मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पण सर, रिंग बघायला सील उघडावं लागेल. आणि सील उघडलेला माल कोण घेणार?”