डुकाटी रोजच्या वापराला परवडते का? तुम्ही विचारलंत म्हणून…

छत्रपती संभाजीनगरात नगर नाक्याला सिग्नलवर थांबलो की बाजूचा स्प्लेंडरवाला आधी माझ्या मोटारसायकलच्या टाकीवरचं 'डुकाटी' हे नाव वाचतो, मग वाकून इंजिन बघतो आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देती ओ भाऊ?" लिटरला वीस म्हटलं की तो अशा नजरेनं बघतो जशी माझ्या घरात कुणीतरी आजारी आहे. पण हा प्रश्न सोपा आहे. अवघड प्रश्न फोनवर येतो, कुणाचा तरी मेव्हणा, कुणाचा तरी ऑफिसातला मित्र, की सेकंडहॅन्ड डुकाटी बघून ठेवलीय, रोज कामावर न्यायची, सुट्टीच्या दिवशी फिरायचं, जमेल का, तुम्ही तर वापरताय ना. प्रत्येकाला अर्धा तास सांगून सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सरळ उत्तर असं की सुट्टीची गाडी म्हणून हो, रोजची गाडी म्हणून वर्षातले आठ-नऊ महिने हो, आणि तेही घरात एखादी ॲक्टिवा असेल तर. आता पुढचं ज्याला ऐकायचंय त्यानं ऐका.

माझी गाडी म्हणजे स्क्रॅम्बलर आयकॉन, २०१६ चं मॉडेल, ८०३ सीसी, २०२१ च्या दिवाळीनंतर पुण्याहून आणलेली. इटलीची म्हणून सगळ्यांना कौतुक, पण आपल्याकडे आलेल्या या गाड्या डुकाटीच्या थायलंडच्या कारखान्यातून आल्यात, कंपनी बोलोन्याची. आणि गंमत बघा, डुकाटीची मालकी २०१२ पासून ऑडीच्या घरात आहे आणि ऑडीच्या गाड्या आपल्या शेंद्र्यात जुळवल्या जातात, म्हणजे नातं लावायचंच म्हटलं तर ती आमच्या गावची सून लागते. आमचे बाबा मात्र या नात्यावर भाळले नाहीत. त्यांची चेतक होती, सकाळी एका बाजूला तिरकी करून मग किक मारायची ती. गाडी दारात आली त्या दिवशी ते चष्मा लावून तिच्याभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "चेतक बंद पडली तर तिरकी करायचो. हिला काय करतेत?" मी हसलो होतो. मी त्यांना सांगितलं की बाबा, तुमची चेतक तरी कुठं निव्वळ आपली, १९६० च्या दशकात बजाज पियाजिओ या इटालियन कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा स्कूटर बनवायची, तो परवाना संपल्यावर १९७२ ला चेतक आली, म्हणजे आपल्या घरात इटली आधीपासूनच आहे. ते म्हणाले, "मग ती स्वस्त कामून होती?" विषय संपला.

आता खरेदीचं सांगतो, कारण सगळे इथंच फसतात. पुण्यात मी एकाच दिवशी दोन गाड्या बघितल्या. पहिली २०१५ ची, मीटरवर फक्त ४,१०० किलोमीटर, कव्हरखाली, अशी चमकत होती की बोट लावायला भीती वाटावी. मालक सारखं एकच सांगायला लागला, साहेब चाललीच नाही हो गाडी. माझ्यासोबत आलेला मित्र खाली बसला, टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात ते अंगठ्यानं धूळ पुसून वाचले, २२१५. म्हणजे २०१५ सालातला बाविसावा आठवडा. गाडीला फॅक्टरीतून आले तेच टायर, नक्षी पूर्ण शाबूत आणि रबर इतकं कडक की नख रुतेना. बॅटरी दुसऱ्या गाडीवरून जम्प देऊन चालू केली. चाललीच नाही हे तो गुण म्हणून सांगत होता, मला मात्र तीच तक्रार वाटायला लागली होती.

दुसरी गाडी बाणेरला. मीटर १९,०००, टाकीच्या डाव्या पत्र्यावर ओरखडा, हँडलची एक ग्रिप झिजलेली. पण त्या माणसानं आतून एक प्लास्टिकची फाइल आणली, लग्नाच्या आल्बमएवढी जाड, आणि त्यात पहिल्या १,००० किलोमीटरच्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं तारखेनं लावलेली, टायर कधी बदलले, ब्रेकपॅड कधी, क्लचची केबल कधी. दोन्ही चाव्या दिल्या. आणि विचारायच्या आधीच स्वतःहून बोलला की इंजिनातले बेल्ट अजून बदललेले नाहीत, पाच वर्षं झालीत, तेवढे पैसे कमी करा. मी तीच घेतली, साडेचार लाखाला. हजारदा विचारलंत तरी माझं म्हणणं हेच राहील, कमी चाललेली इटालियन गाडी घेऊ नका, नीट चालवलेली घ्या. उभ्या गाडीचं ऑइल खराब होतं, सील सुकतात, बॅटरी मरते, टाकीतलं पेट्रोल नासतं, आणि रबराचा बेल्ट तर मीटर बघतच नाही, तो वर्षं मोजतो.

बेल्टचं प्रकरण काय ते सांगितलं पाहिजे कारण इथल्या निम्म्या मेकॅनिकना पण ते पटत नाही. आपल्या नेहमीच्या गाडीत टायमिंगला, म्हणजे इंजिनातल्या झडपा (व्हॉल्व्ह) वेळेवर उघडायला-मिटायला, चेन असते, या इंजिनात दोन सिलेंडरला दोन रबरी बेल्ट आहेत. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो आणि मग जे बिल येतं त्यात दुसरी गाडी येते. आणि व्हॉल्व्हची तऱ्हा तर आणखीनच वेगळी. बँकेचं काचेचं दार आपण ढकलतो आणि ते स्प्रिंगनं आपोआप मिटतं ना, बाकी जवळपास सगळ्या इंजिनांत व्हॉल्व्ह तसाच मिटतो. डुकाटीनं दार मिटायलाही वेगळा माणूस ठेवलाय. एक रॉकर उघडतो, दुसरा ओढून मिटवतो, स्प्रिंगच्या भरवशावर काम नाही. याला डेस्मो म्हणतात. माझ्या इंजिनात व्हॉल्व्ह चारच आहेत पण गॅप आठ मोजाव्या लागतात, उघडायच्या चार आणि मिटायच्या चार, आणि ते १२,००० किलोमीटरला बघायचं असतं. छावणीतल्या आमच्या भाईला हे सगळं दाखवलं तर तो पाच मिनिटं टॉर्च मारून बघत राहिला आणि उठून म्हणाला, "बाकी सब करता मैं, चेन, ब्रेक, ऑइल. इस इंजन कू हात नई लगाता, जाव पूना." मला असा मेकॅनिक आवडतो. याच्या आधी एका ठिकाणी असं झालं होतं की पोरानं स्प्लेंडरच्या अंदाजानं चेन ताणून दिली आणि पुढचे दोनशे किलोमीटर मागून कण्हल्यासारखा आवाज येत राहिला.

तर बेल्ट, व्हॉल्व्ह, सगळी ऑइलं असं मिळून पहिलंच बिल पस्तीस हजाराच्या वर गेलं. म्हणून गाडीची किंमत ऐकून कुणी खुश झालं की मी सांगतो, त्यात पन्नास हजार धर, आणि ते पहिल्या दिवशीच बाजूला काढून ठेव.

कागदांचं थोडक्यात, गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, दुसऱ्या आरटीओची गाडी म्हणून एनओसीसाठी फॉर्म २८, आणि मालकाचं लोन होतं का ते आरसीवर आधी बघा. माझ्या वेळी त्यानं लोन फेडलेलं होतं पण बोजा चढलेलाच होता, मग बँकेचं पत्र, फॉर्म ३५, आणि यात दीड महिना गेला. बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, मी दिले होते, म्हणून सांगतोय.

आता रोजचं. मी सिडकोतून वाळूजला जातो, सेव्हन हिल्स, आकाशवाणी, अमरप्रीत, क्रांती चौक, बाबा पेट्रोल पंप, छावणी, मग वाळूजजवळचं पंढरपूर, विठोबाचं नव्हे. जूनच्या पहिल्या पावसापासून फेब्रुवारीपर्यंत मजा आहे, सकाळी सव्वासातला रस्ता मोकळा असतो, गाडी खालच्या गिअरमध्ये घुमते आणि माणसाला आपण कंपनीत चाललोय हे विसरायला होतं. मार्च उजाडला की खेळ बदलतो. इंजिन हवेवर थंड होणारं, आणि आपली हवाच बेचाळीसची. मागचा सिलेंडर बरोबर मांडीखाली येतो. दुपारी तीनला शिफ्ट सुटल्यावर अमरप्रीतला नव्वद सेकंदाचा सिग्नल लागला की मांडीला जे होतं ते तव्यावरच्या भाकरीला विचारा. एप्रिल-मे मी निमूट बायकोची ॲक्टिवा घेऊन जातो आणि गेटवरचा सिक्युरिटीवाला मामा रोज विचारतो, "सर, इटली नाही आणली का आज?"

शिवाय माझ्या मॉडेलला पेट्रोलचा काटाच नाही. पुढे २०१९ च्या मॉडेलला दिला त्यांनी, माझ्यात नाही. साडेतेरा लिटरची टाकी, रिझर्व्हचा दिवा लागला की मीटर आपोआप किलोमीटर मोजायला लागतो आणि तुम्ही मनात देवाला. आणि पंपावर आता सगळीकडे ई-२० च, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ही गाडी त्या काळातली नाही, इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून टाकी भरून महिनाभर उभी करू नका, फिरवत राहा.

क्लच लिव्हर एकदा गल्लीतल्या क्रिकेटमध्ये गेलं. बॉल नाही लागला, फिल्डर लागला, गाडीसकट पडला. पोराला काही झालं नाही. लिव्हर पुण्याहून यायला नऊ दिवस. इथं शोरूम नाही, जवळचं म्हणजे पुणे, दोनशे पस्तीस किलोमीटर, नगरवरून. खरी किंमत ही आहे बघा, पैसे नाही, थांबणं. गाडी तशी फार बिघडत नाही, उगाच बदनामी आहे, पण जी गोष्ट स्प्लेंडरला कोपऱ्यावर वीस मिनिटांत होते तिला इथं आठवडा लागतो, आणि त्या आठवड्यात कामावर तर जायचंच असतं.

एकदा मात्र चांगलीच अडकली, पैठणहून येताना, बिडकीनच्या अलीकडे. नाथसागरावर गेलो होतो, परत येताना रसवंतीवर थांबलो, रस पिऊन बटन दाबलं तर टक्क एवढाच आवाज. पुन्हा टक्क. बाबांचं तिरकी करायचं वाक्य तेव्हा आठवलं. ऊन डोक्यावर, मी फोनवर पुण्याचा नंबर शोधतोय, तेवढ्यात रसवंतीवाले काका हात पुसत आले.

"कुठली म्हणायची गाडी?"

"इटलीची."

"अन् बॅटरी कुठं असती हिची?"

मी सीट काढून दाखवली. त्यांनी बॅटरीची एक वायर दोन बोटांत धरून हलवली, ती हलली. "ढिली झाली की हो," म्हणाले, आणि चरक्याच्या मोटरीपाशी ठेवलेला स्क्रू ड्रायव्हर आणून दोन फेरे आवळले. चालू. पैसे रसाचेच घेतले. तेव्हापासून सीटखाली एक स्क्रू ड्रायव्हर आणि ॲलन कीचा सेट असतो, आणि महिन्यातून एकदा मी ते टर्मिनल आवळून बघतो, कारण हे इंजिन थरथरतं आणि आपले रस्ते त्यात भर घालतात.

सुट्टीच्या दिवसाचं विचाराल तर तिथं मी तटस्थ राहू शकत नाही. पहाटे साडेपाचला निघायचं, दौलताबादचं दिल्ली गेट गर्दी व्हायच्या आत पार करायचं, खुलताबादवरून म्हैसमाळचा चढ. त्या वळणांवर ही गाडी काय आहे ते कळतं, टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, खालूनच येतो, गिअर सारखे बदलावे लागत नाहीत, तिसऱ्यात टाकायची आणि नुसतं वळत राहायचं. वर पोहोचल्यावर चहा, परत येताना वेरूळला भजी, दहाला घरी, बायको उठून पेपर वाचत असते. कधी जालना-मंठा करत लोणार. समृद्धीवरून जाऊ म्हणून कुणी सुचवतं, तिथं टू-व्हीलरला बंदी आहे, आणि बरंच आहे, सरळ रस्त्यावर या गाडीचं काय काम.

दोन गोष्टी मात्र आपल्या भागातल्या म्हणून सांगतो. पावसाळ्यात ट्रॅक्टर वावरातून निघतो आणि चाकाची काळी माती डांबरावर टाकत जातो, तिच्यावर पाऊस पडला की साबण. गाडी सरळ असेल तर एबीएस सांभाळतो, वळणावर कुणी सांभाळत नाही, मी खुलताबादच्या पुढे एकदा आडवा झालोय, वीसच्या स्पीडला, जीन्स फाटली आणि इज्जत गेली. दुसरं, कारखाने सुरू झाले की गंगापूर-पैठणकडे रात्रीची गाडी नको. उसाच्या ट्रॉलीला मागं लाल दिवा नसतो, आणि ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. अंधार पडायच्या आत घरी, हा नियम मी इटलीसाठी पण मोडत नाही.

बाबा अजून मागं बसलेले नाहीत. सीट उंच आहे म्हणतात. पण मागच्या महिन्यात मी गाडी धुवत होतो तर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, त्या बेल्टचं काय झालं, कधी बदलायचा म्हणालास. मी म्हटलं २०२७ ला, पाच वर्षं होतील. ते आत गेले. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे, त्यावर आमची ही सिलेंडर लावल्याची तारीख लिहीत असते. संध्याकाळी चहाची पत्ती घ्यायला कपाट उघडलं तर सिलेंडरच्या खाली बाबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "गाडीचा पट्टा, २०२७."