तुम्ही विचारलंत म्हणून: परक्या देशाच्या दुखवट्यात आपली दिवाळी

हा प्रश्न दरवर्षी येत नाही, पण येतो तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळकडच्या बऱ्याच घरांतून एकदम येतो. मुलगा मस्कतला किंवा दुबईला असतो, लेक लंडनला असते, नाहीतर सुट्टीत बँकॉकची सहल ठरलेली असते. फराळाचं सामान आणून झालेलं असतं आणि बातमी येते की तिथले राजे, राणी किंवा अमीर गेले, राष्ट्रीय दुखवटा जाहीर झालाय. मग विचारणा सुरू होते: आता सण करायचा का? जायचं का? काय घालायचं?

आमचं उत्तर सरळ आहे. जा, आणि सणही करा. आवाज, रोषणाई आणि मिरवणं मात्र इथंच ठेवून जा.

गोंधळ होतो तो आपल्या सुतकामुळं. आपल्याकडं घरात कुणी गेलं की आधी देवघर थांबतं. दहा दिवस पूजा नाही, त्या वर्षी घरात तळण नाही, फराळ शेजारी आणि पाहुणे आणून देतात. सरकारी दुखवटा याच्या नेमका उलटा चालतो. तुमच्या देवघरात काय चाललंय याच्याशी त्याचं काही देणंघेणं नसतं. तो बघतो गाणी, नाच, फटाके, स्टेज आणि जल्लोष. म्हणून माणसं दोन्हीकडून चुकतात. कुणी लक्ष्मीपूजनच करत नाही, आणि कुणी पूजा आटपून बाल्कनीत स्पीकर लावतो. पहिल्यात कुणाचं काही बिघडत नाही, सण तेवढा हुकतो. दुसऱ्यात शेजारी पोलिसांना फोन करतात.

बातमी आली की तीन गोष्टी बघायच्या: दुखवटा किती दिवसांचा, कुणाला लागू, आणि त्यातले कडक दिवस कोणते. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी असतात, आणि आपल्याकडच्या बातम्यांत सगळ्यात मोठा आकडा तेवढा येतो.

आखातातला चाळीस दिवसांचा दुखवटा ऐकून माणसं घाबरतात. संयुक्त अरब अमिरातीचे अध्यक्ष शेख खलिफा 13 मे 2022 रोजी गेले तेव्हा झेंडे चाळीस दिवस अर्ध्यावर होते, पण कार्यालयं बंद राहिली ती तीन दिवस. ओमानचे सुलतान काबूस 10 जानेवारी 2020 रोजी गेले तेव्हाही तसंच, कामकाज तीन दिवस बंद आणि झेंडे चाळीस दिवस खाली. कुवेतमध्ये डिसेंबर 2023 मध्ये अमीर शेख नवाफ गेले तेव्हाचा हिशोबही हाच. म्हणजे खरे जपायचे दिवस पहिले तीन. त्यात बाहेर जेवणावळ नको, ऑफिसात मिठाईचा डबा नको, गाडीत मोठ्यानं गाणी नकोत. पुढचे दिवस दुकानं, बस, शाळा नेहमीसारखी चालतात. बंद असतात ते कार्यक्रम. अमिरातीचे संस्थापक शेख झायेद 2 नोव्हेंबर 2004 रोजी गेले आणि त्या वर्षी लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, म्हणजे अख्खी दिवाळी चाळीस दिवसांच्या आत. घरात पणती लावायला त्यानं आडकाठी येत नाही. फटाक्यांचं म्हणाल तर तिथं ते विनापरवाना कधीच चालत नाहीत, दुखवटा असो वा नसो.

थायलंडचं प्रकरण वेगळं आणि जास्त नाजूक. राजे भूमिबोल 13 ऑक्टोबर 2016 रोजी गेले. सरकारी नोकरांना वर्षभराचा दुखवटा होता आणि करमणुकीचे कार्यक्रम तीस दिवस आवरते घ्यायला सांगितलं होतं. त्या वर्षीची दिवाळी 30 ऑक्टोबरला, म्हणजे बरोबर त्या तीस दिवसांत आली. 2025 मध्ये राजमाता सिरिकिट गेल्या 24 ऑक्टोबरला, आपल्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे सुट्टीतल्या सहली तिथं पोचलेल्या असतानाच. अशा वेळी परदेशी माणसावर काळ्या कपड्यांची सक्ती नसते, पण रस्त्यावर सगळे काळ्या-पांढऱ्यात असताना आपण जरीच्या साडीत नाहीतर लालभडक कुर्त्यात उभं राहणं बरं दिसत नाही. माणशी एक काळा, एक पांढरा आणि एक राखाडी साधा शर्ट किंवा कुर्ता घ्या; चार-पाच दिवसांना तेवढं पुरतं. तिथं जाऊन घेऊ म्हणू नका. 2016 मध्ये बँकॉकच्या बाजारात काळे कपडे संपले होते आणि लोक घरचे कपडे काळे रंगवून घेत होते. कपडे नसतीलच तर बोटभर लांब काळी फीत दुमडून पिनेनं छातीवर लावा. फीत आणि सेफ्टी पिना इथूनच न्या, बेळगावच्या गणपत गल्लीत पाच मिनिटांचं काम आहे. एक नोव्हेंबरला, कर्नाटक स्थापनेच्या दिवशी, काळा दिन म्हणून काळं नेसून निघणाऱ्या आपल्या सीमाभागाला काळ्या कपड्याचं अप्रूप नाही, पण तो काळा निषेधाचा. तिकडं तो शोकाचा आहे, म्हणून त्यावर घोषणा, चित्र, इंग्रजी विनोद छापलेला टी-शर्ट चालत नाही.

थायलंडात त्याहून मोठी जोखीम मोबाइलची. राजघराण्याच्या अवमानासाठी तिथल्या दंडसंहितेचं कलम 112 आहे, आणि एकेका गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा आहे. परदेशी माणूस म्हणून त्यातून सुटका नाही. 'राणी गेली आणि आमचा नाइट बाजार बुडाला' असलं स्टेटस गंमत म्हणूनही टाकू नका. राजघराण्याच्या फोटोसमोर हसत सेल्फी नको. नोटेवरही राजाचं चित्र असतं, ती खाली पडून उडायला लागली तर पायानं दाबू नका. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर, बागेत राष्ट्रगीत लागलं की आहात तिथं थांबा. राजवाड्यासारखी ठिकाणं काही दिवस बंद राहतात, तेव्हा सहलीच्या पहिल्या दोन दिवसांत ती ठेवू नका, शेवटी ढकला. योगायोग असा की त्यांचा लॉय क्रथोंग आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच येतो, पाण्यात दिवे सोडायचा. दुखवट्यात तो झाला तरी शांतपणे होतो. तिथं दिवा सोडायला हरकत नाही, आतषबाजीची वाट मात्र बघू नका.

इंग्लंडात सक्ती जवळजवळ नसते, अडचणी व्यवहारातल्या असतात. राणी एलिझाबेथ 8 सप्टेंबर 2022 च्या संध्याकाळी गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. कार्यक्रम रद्द करायचं बंधन सरकारनं घातलं नव्हतं, निर्णय आयोजकांवर सोडला होता. तरी आदल्या रात्री राणी गेलेली असताना ढोल-ताशा काढणं शहाणपणाचं नव्हतं. अशा वेळी घरच्या गणपतीचं बादलीतलं विसर्जन हाच उत्तम मार्ग. मूर्ती शाडूची आणि वीतभर असेल तर वीस लिटरची बादली पुरते. मूर्ती पूर्ण बुडेल एवढं पाणी घ्या, रात्रभर ठेवा, सकाळी उरलेला गोळा हातानं फोडून माती कुंडीत घाला. मूर्ती प्लास्टरची असेल तर यातलं काहीच होत नाही, ती आठवडाभर तशीच बसून राहते; म्हणून इथून नेतानाच विचारून घ्या. आरती टाळ आणि टाळ्यांवर करा. कपिलेश्वर तलावाकडं निघालेल्या मिरवणुकीची आणि डॉल्बीची सवय असलेल्याला हे मिळमिळीत वाटेल, त्याला इलाज नाही.

अंत्यसंस्काराचा दिवस तेवढा वेगळा धरायचा. 19 सप्टेंबर 2022 रोजी तिथं सार्वजनिक सुट्टी होती, बऱ्याच मोठ्या सुपरमार्केट बंद होत्या आणि आकाशात शांतता राहावी म्हणून हीथ्रोवरची काही उड्डाणं रद्द झाली. अशा दिवशी पोचणार असाल तर मुलांचं खाणं, दूध-पावडर बरोबर ठेवा आणि पुढची रेल्वे किंवा बस त्याच दिवसाची काढू नका.

आता फराळाचं, कारण बेळगावच्या घरातून रिकाम्या हातानं कुणी निघत नाही. अमिरातीत खसखस बंद आहे. अमली पदार्थांच्या यादीत ती येते आणि सामानात सापडली तर प्रकरण कस्टमवर मिटत नाही. अनारसे खसखशीवरच थापतात, करंजीच्या सारणात ती असते, आणि लोक विसरतात ते म्हणजे घरच्या कांदा-लसूण मसाल्यातही ती वाटून घातलेली असते. गोकाकचं करदंट घेताना दुकानदाराला विचारा, काहीजण घालतात. अनारसे तिळावर थापा. करंजीला एक वाटी किसलेलं सुकं खोबरं, पाव वाटी भाजलेले तीळ, दोन चमचे भाजलेला रवा, पाऊण वाटी पिठीसाखर आणि वेलची. खसखशीवाचून चवीत फारसा फरक पडत नाही. पोळपाट आणि डबे आधी धुऊन घ्या, चार दाणे चिकटून गेले तरी ते दाणेच. सिंगापूरलाही खसखस नेऊ नका. इंग्लंडला अडतो तो कुंदा: भारतातून जाणाऱ्याला दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यात पेढे आले, तूपही आलं. तिकडं चकली, शेव, कडबोळी न्या, सोऱ्याही न्या.

दुखवट्यात हा फराळ कसा वाटायचा? घरी, साध्या डब्यातून. चकचकीत कागद, सोनेरी फिती, 'शुभ दीपावली'चे बॉक्स पहिल्या आठवड्यात स्थानिक सहकाऱ्यांच्या टेबलावर ठेवू नका. त्यांना आधी एक वाक्य बोला, तुमच्या देशाच्या दुःखात आम्ही तुमच्यासोबत आहोत एवढंच. डबा महिनाभरानं दिला तरी ते आनंदानं घेतात.

घरातल्या पूजेची वेळ तिथल्या सूर्यास्तावर धरा. बेळगावच्या घड्याळाप्रमाणे पूजा करायला गेलात तर दुबई दीड तास मागं, बँकॉक दीड तास पुढं आणि इंग्लंड ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेपाच तास मागं. लंडनला दुपारी बारा-एकला लक्ष्मीपूजन होऊन बसतं. पणत्या स्टीलच्या परातीत, पाणी घालून, दाराच्या आत. आकाशकंदील बाल्कनीऐवजी खिडकीच्या आतल्या बाजूला, एकरंगी आणि न लुकलुकणारा. रांगोळी उंबऱ्याच्या आत काढा, जिन्यात नको. धूप आणि कापूर धूर ओळखणाऱ्या यंत्राखाली लावू नका, आणि ते यंत्र पिशवीनं झाकायचं तर मुळीच नाही. दुखवट्याच्या दिवसांत दिवाळीच्या धुरानं अख्ख्या इमारतीचा भोंगा वाजला की मग शांतपणे सण करण्याला काही अर्थ उरत नाही.

मंडळाचा कार्यक्रम असेल तर हॉलच्या मालकाशी पैसे परत मागण्याऐवजी तारीख बदलण्यावर बोला, ते सहज ऐकतात. तारीख बदलणं शक्य नसेल तर ऑर्केस्ट्रा, फॅशन शो, नाच काढून टाका. सुरुवातीला उभं राहून दोन मिनिटं शांतता, मग अथर्वशीर्ष किंवा भजन, मग जेवण. दोन गोष्टी आपल्या अंगवळणी पडलेल्या आहेत त्या मात्र सोडा. पहिली, 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स. आपल्या चौकात त्यावर दिवंगताच्या फोटोपेक्षा कार्यकर्त्यांचे फोटो जास्त असतात, तो प्रकार तिकडं नकोच. आखातात तर दिवंगत शासकाच्या फोटोला हार घालून समोर समई लावू नका. आपल्या मनात आदर असला तरी त्यांच्या धर्मात ते बसत नाही. दुसरी, वर्गणी. अमिरातीत परवान्याशिवाय पैसे गोळा करणं गुन्हा आहे, मग ते गणपतीसाठी असोत की श्रद्धांजली सभेसाठी. आदर दाखवायचाच असेल तर त्या देशाच्या वकिलातीत शोकवही उघडलेली असते. तिथं नाव, गाव आणि एक ओळ लिहून या.

पैशाचं थोडक्यात. विमानं उडत असतात, हॉटेलं उघडी असतात, त्यामुळं तुम्ही स्वतःहून रद्द केलंत तर परतावा तिकिटाच्या नेहमीच्या नियमानं. प्रवास विम्यात सहसा तुमचं किंवा जवळच्या नातेवाइकाचं आजारपण, मृत्यू धरलेला असतो. परक्या देशाचा दुखवटा त्यात बसत नाही. सहल कंपनीनं ठरवलेला एखादा शो रद्द झाला असेल तर तेवढे पैसे किंवा बदली कार्यक्रम लेखी मागा, निघण्याआधी.

उलटाही प्रसंग येतो: तुम्ही बाहेर, आणि दुखवटा भारतात. डॉ. मनमोहन सिंग 26 डिसेंबर 2024 रोजी गेले, सात दिवसांचा दुखवटा 1 जानेवारीपर्यंत होता. काँग्रेसच्या 1924 च्या बेळगाव अधिवेशनाच्या शताब्दीसाठी शहर सजलं होतं, आणि 27 तारखेचे कार्यक्रम रद्द झाले. त्या काळात परदेशातल्या भारतीय वकिलातींवरचा झेंडाही अर्ध्यावर असतो आणि सरकारी करमणुकीचे कार्यक्रम होत नाहीत. खासगी मंडळाला बंदी नसते. मात्र तुमच्या स्नेहसंमेलनाला राजदूत किंवा वाणिज्यदूत पाहुणे म्हणून यायचे असतील, तर ते येणार नाहीत हे गृहीत धरा, छापलेल्या पत्रिकेचा आग्रह धरू नका आणि पुढची तारीख त्यांच्याच कार्यालयाकडून मागून घ्या.